अमेरिकी आधुनिकतावादी लघुकथेतील प्रतीके कशी वाचावीत

प्रश्न एम.ए.च्या एका विद्यार्थिनीचा आहे. अँडरसन, हेमिंग्वे, फॉकनर, कॅथरीन अ‍ॅन पोर्टर आणि झोरा नील हर्स्टन यांच्या कथा तिला अभ्यासाला आहेत. तिच्या हाती असलेल्या गाइडमध्ये प्रत्येक कथेखाली प्रतीकांची यादी छापलेली आहे: पांढरा हत्ती म्हणजे नकोसे मूल, गुलाब म्हणजे प्रेम, साप म्हणजे दुष्टपणा, नदी म्हणजे जीवन. यादी पाठ आहे, तरी कथा हाती लागत नाही, असे ती म्हणते. हे अर्थ ठरवले कोणी, ते बरोबर कशावरून, आणि ज्या कथेच्या नावात गुलाब आहे त्या कथेत तो आहे तरी कुठे, असे तिचे तीन प्रश्न आहेत. या कथा मी अनेक वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवत आले आहे आणि हे प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतेच, म्हणून सविस्तर उत्तर देते.

यादीतले अर्थ सरसकट चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. अडचण अशी, की यादी वस्तूला कथेतून उचलून बाहेर काढते आणि मग तिच्यावर अर्थाची चिठ्ठी चिकटवते. आधुनिकतावादी लघुकथेत वस्तूला अर्थ येतो तो ती कथेत काय काम करते यावरून: ती कुणाच्या हातात आहे, कुणाला दिसते आणि कुणाला दिसत नाही, पहिल्यांदा आली तेव्हा काय घडत होते आणि पुन्हा आली तेव्हा काय बदलले होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिच्याविषयी बोलत असताना पात्रे कशाविषयी बोलायचे टाळत आहेत. प्रतीक आणि मौन या कथांत जोडीने येतात. जे बोलता येत नाही त्याचा सगळा भार जवळच्या एखाद्या साध्या वस्तूवर येऊन पडतो आणि ती वस्तू जड होते. या कथांची आशयसूत्रे, म्हणजे एकटेपण, युद्धाने आलेला बधिरपणा, काळाशी तुटलेले नाते, वर्णद्वेषाची आणि घरातली हिंसा, ही सगळी त्या न बोललेल्या जागेतच सापडतात.

हे मौन आले कुठून, हे थोडक्यात सांगायला हवे. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि परतलेल्या पिढीला भाषणांतले मोठे शब्द पोकळ वाटू लागले. १९२० च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येहून जास्त भरली. ज्या लहान गावांत सगळे एकमेकांना नावानिशी ओळखत ती मागे पडू लागली होती. दक्षिणेतली लाखो कृष्णवर्णीय माणसे उत्तरेतल्या कारखान्यांच्या शहरांकडे निघाली होती. दुसरीकडे मोठ्या खपाच्या मासिकांत ओ. हेन्रीच्या वळणाची, शेवटी कलाटणी देणारी कथा जोरात चालत होती. शेरवुड अँडरसनला असे घट्ट बांधलेले कथानक विषासारखे वाटे, कारण त्याने पाहिलेली माणसे तशी गाठ मारून संपत नव्हती. फडके यांच्या तंत्रनिष्ठ कथेनंतर आलेली गाडगीळ-गोखले यांची नवकथा ज्यांनी वाचली आहे, त्यांना हा झगडा परका वाटणार नाही. कलाटणी काढून टाकली, निवेदकाचे भाष्यही काढून टाकले, तर कथा उभी कशावर राहणार, हा त्या लेखकांपुढचा अगदी व्यावहारिक प्रश्न होता. त्यांनी ती वस्तूंवर, जागांवर आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींवर उभी केली.

अँडरसनच्या 'वाइन्सबर्ग, ओहायो' या १९१९ च्या कथासंग्रहातली 'हॅन्ड्स' ही कथा या पद्धतीची ओळख करून घ्यायला उत्तम आहे, कारण तिच्यातले प्रतीक शीर्षकातच उघड सांगितलेले आहे. विंग बिडलबॉम नावाचा एकलकोंडा माणूस आपले हात सतत लपवत असतो. याच हातांनी त्याने एका दिवसात १४० क्वार्ट स्ट्रॉबेरी तोडल्या आहेत आणि गावाला त्याचा अभिमान आहे, पण तो कसा, तर बँकवाल्याच्या नव्या दगडी घराचा किंवा कुणाच्या जातिवंत घोड्याचा असावा तसा. मग मागची गोष्ट कळते. पेनसिल्व्हेनियात तो शिक्षक होता, मुलांच्या खांद्यावर, केसांवर मायेने हात ठेवून शिकवायचा. एका मंदबुद्धी मुलाच्या कल्पनेतून भलता आरोप उभा राहिला आणि गावकऱ्यांनी त्याला रात्रीच्या अंधारात हुसकून लावले. आता हातांचा 'अर्थ' काय लिहाल? स्पर्श, शिक्षकाची माया, श्रम, लज्जा, भीती, समाजाचा संशय, हे सगळेच त्या हातांतून जाते आणि कुठल्याही एका शब्दावर थांबत नाही. शेवटी रात्री एकटाच जेवल्यावर तो गुडघ्यांवर बसून जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचतो आणि तोंडात टाकतो, तेव्हा त्याची वेगाने हलणारी बोटे जपमाळ ओढणाऱ्या भक्ताच्या बोटांसारखी दिसतात. मुलांना घडवणाऱ्या हातांना आता एवढेच काम उरले आहे, हे अँडरसन शब्दांत सांगत नाही. त्याला ते सांगावे लागत नाही.

आता हेमिंग्वेच्या 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स'कडे येते आणि इथे जरा जास्त थांबते, कारण यादीने सर्वाधिक नुकसान या कथेचे केले आहे. कथा १९२७ ची आहे. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या खोऱ्यातल्या एका जंक्शनवर एक अमेरिकी पुरुष आणि जिग नावाची तरुणी बार्सिलोनाहून येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसले आहेत. गाडी चाळीस मिनिटांनी येणार आहे, इथे दोन मिनिटे थांबून पुढे माद्रिदला जाणार आहे. ती दोघे बिअर पितात, मग बडीशेपेच्या चवीची एक दारू मागवतात, आणि बोलतात. पुरुषाला तिने एक 'ऑपरेशन' करून घ्यायला हवे आहे. ते गर्भपाताचे आहे हे आपल्याला कळते, पण तो शब्द कथेत कुठेही येत नाही.

पांढऱ्या हत्तींची उपमा कोण देते, कधी देते, आणि तिचे पुढे काय होते, हे क्रमाने पाहा. जिग दूरच्या डोंगरांकडे पाहून म्हणते की ते पांढऱ्या हत्तींसारखे दिसतात. पुरुष म्हणतो की मी पांढरा हत्ती कधी पाहिलेला नाही. ती म्हणते, तू पाहिलेला नसशीलच. एवढ्याशा बोलण्यात दोघांतले सगळे नाते उघडे पडते: तिला कल्पनेने काही दिसते, त्याला पुरावा लागतो, आणि त्याला ते दिसणार नाही हे तिने आधीच गृहीत धरलेले आहे. थोड्या वेळाने तीच उपमा ती मागे घेते. तसे काही ते हत्तींसारखे दिसत नाहीत, झाडांमधून दिसणाऱ्या कातडीच्या रंगाविषयी मी बोलत होते, असे म्हणते. पुढे ती विचारते की हे केले तर सगळे पुन्हा पहिल्यासारखे होईल का, आणि मी एखादी वस्तू पांढऱ्या हत्तीसारखी आहे असे म्हणाले तर तुला ते आवडेल का. म्हणजे ही उपमा पोटातल्या मुलाचे टोपणनाव नाही. आपल्याला जे दिसते ते याच्याजवळ बोलता येईल का, हे ती त्या उपमेने तपासून पाहते आहे. 'पांढरा हत्ती म्हणजे नकोसे मूल' असे लिहिले की आपण पुरुषाची बाजू घेतलेली असते, कारण मूल नकोसे कुणाला आहे? त्याला. तिचे मन काय आहे याविषयीच तर कथा आहे.

जागेचेही तसेच. स्टेशन दोन रूळमार्गांच्या मधे आहे. एका बाजूला तपकिरी, कोरडी, झाड नसलेली जमीन. जिग उठून स्टेशनच्या टोकाला जाते तेव्हा तिला दुसऱ्या बाजूची पिकाची शेते, नदीकाठची झाडे आणि त्यांच्यामधून नदी दिसते. पिकावरून एका ढगाची सावली सरकत जाते. हे सगळे आपले होऊ शकले असते, असे ती म्हणते. तो तिला सावलीत परत ये म्हणतो. वांझ बाजू आणि सुपीक बाजू ही जोडी विद्यार्थ्यांना लगेच सापडते आणि ती बरोबरही आहे, पण माझे लक्ष नेहमी त्या सावलीत परत बोलावण्याकडे जाते. त्याचे बोलणे काळजीचेच वाटते. तो तिच्यावर ओरडत नाही, धमकावत नाही. तुझ्या मनात नसेल तर करू नकोस, असेही पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि लगेच ते किती साधे आहे हेही सांगतो. दाराला माश्या अडवायला मण्यांचा पडदा आहे, आणि त्याचे हे सांगणे चालू असताना ती हात लांब करून त्यातल्या दोन माळा धरते. तिच्या मनातले काहीही लेखकाने सांगितलेले नाही. आपल्याला फक्त तिचा हात दिसतो. काही वेळाने ती त्याला बोलणे थांबव अशी विनवणी करते आणि त्या एका वाक्यात 'प्लीज' सात वेळा येते.

शेवटी गाडी पाच मिनिटांत येणार असे कळते. तो सामान दुसऱ्या बाजूच्या रुळांकडे नेतो आणि परत येताना बारमध्ये एकटाच एक पेला घेतो. तिथली माणसे पाहून त्याला वाटते की सगळे कसे शहाण्यासारखे गाडीची वाट पाहत आहेत. हे शहाणपण त्याचे मोजमाप आहे आणि जिग त्यात बसत नाही. संपूर्ण कथेत निवेदन त्याच्या मनाच्या इतके जवळ फारसे जात नाही, म्हणून हे वाक्य निसटू देऊ नका. जिग हसून सांगते की मी ठीक आहे, मला काहीही झालेले नाही. सामान दुसऱ्या बाजूला गेले म्हणजे निर्णय बदलला, असे काही समीक्षकांनी मांडले आहे, काहींनी उलट. माझ्या मते कथा निर्णय लपवून ठेवत नाही, ती निर्णयाच्या अलीकडे थांबते. तिला दाखवायचे होते ते संभाषण संपलेले आहे.

हेमिंग्वेने १९३२ च्या 'डेथ इन द आफ्टरनून'मध्ये हिमनगाचे तत्त्व मांडले: हिमनगाच्या हालचालीला भारदस्तपणा येतो तो त्याचा फक्त एक अष्टमांश भाग पाण्यावर असल्यामुळे, लेखकाला विषय पुरता ठाऊक असेल तर तो गाळू शकतो आणि वाचकाला गाळलेले जाणवते. विद्यार्थी यातला एक अष्टमांश लक्षात ठेवतात आणि अट विसरतात. अट अशी, की गाळणाऱ्याला ते ठाऊक असले पाहिजे. स्वतः हेमिंग्वे १९१८ साली इटलीच्या आघाडीवर जखमी झाला होता. 'बिग टू-हार्टेड रिव्हर' या १९२५ च्या कथेत युद्धावरून परतलेला निक अ‍ॅडम्स मिशिगनच्या जंगलात एकटा मासेमारीला जातो. गाव जळून गेलेले आहे, जळक्या जमिनीवर राहून नाकतोडे काळे पडले आहेत, पुलाखालच्या पाण्यात ट्राउट मासे प्रवाहाविरुद्ध पर हलवत जागच्या जागी स्थिर राहतात. निक तंबू ठोकतो, कॉफी करतो, नाकतोडे बाटलीत गोळा करतो, आणि प्रत्येक काम इतक्या सावकाश आणि इतक्या क्रमाने करतो की वाचकाला त्या क्रमाचीच धास्ती वाटू लागते. युद्धाचा उल्लेख नाही. नदी पुढे जिथे दलदलीत शिरते तिथे मासे धरायला तो जात नाही, ते नंतर कधीतरी म्हणून ठेवून देतो. 'नदी म्हणजे जीवन' या चिठ्ठीत ही दलदल कुठे बसवणार?

याच हेमिंग्वेने 'द ओल्ड मॅन अँड द सी' प्रसिद्ध झाल्यावर एका पत्रात लिहिले की त्यात प्रतीकबितीक काही नाही, समुद्र म्हणजे समुद्र आणि म्हातारा म्हणजे म्हातारा. पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने'मुळे ही कादंबरिका मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. लेखकच प्रतीक नाकारतो, मग आपण का शोधायचे, असे विद्यार्थी विचारतात. माझ्या समजुतीप्रमाणे तो अर्थ नाकारत नव्हता, चिठ्ठी नाकारत होता. समुद्र आधी खरा समुद्र झाला, मासा खरा मासा झाला, तरच त्यांतून आणखी काही उमटेल, एवढाच त्याचा आग्रह होता. अर्थ ठरवले कोणी, या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे: एकट्या लेखकाने ठरवलेले नाहीत आणि वाचकाच्या मर्जीवरही सोडलेले नाहीत, संहितेतल्या, म्हणजे कथेच्या मूळ मजकुरातल्या, तपशिलांनी जेवढे पेलले तेवढेच अर्थ टिकतात.

गुलाबाचा प्रश्न आता घेते. फॉकनरची 'अ रोझ फॉर एमिली' १९३० साली 'फोरम' मासिकात आली. गुलाबाचे फूल कथेत कुठेही नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. शेवटच्या बंद खोलीत फिकट गुलाबी रंगाचे पडदे आणि गुलाबी झाकणांचे दिवे आहेत, तेवढाच त्याचा मागमूस. फॉकनरने नंतर सांगितले होते की या बाईच्या वाट्याला शोकांतिका आली, तिची कणव वाटली, आणि अशा बाईला गुलाब द्यावा तसे ते शीर्षक दिले. हे खुले स्पष्टीकरण मला पटते, पण कथा समजायला ते पुरेसे नाही, कारण कथेचे मर्म सांगणाऱ्याच्या आवाजात आहे.

सांगणारे 'आम्ही' आहेत: जेफर्सन गाव. 'आम्ही' एमिलीच्या अंत्यसंस्कारापासून सुरुवात करतात, मग कर नाकारल्याची हकिकत, मग त्याआधीचा घरातून सुटलेला दुर्गंध, मग वडिलांचा मृत्यू, मग उत्तरेतून आलेला मुकादम होमर बॅरन, मग विषाची खरेदी. काळ असा मागे-पुढे फिरवल्यामुळे दुर्गंध आपल्याला आधी कळतो आणि आर्सेनिक हे विष नंतर. कारण आणि परिणाम यांची गाठ पडू नये अशा बेताने गाव बोलते. आता या तीन गोष्टी शेजारी ठेवा. वास सुटला तेव्हा चार माणसे रात्री चोरपावलांनी जाऊन घराभोवती चुना टाकून येतात, कारण बाईच्या तोंडावर तिच्या घराला वास येतो असे म्हणायचे कसे, असा न्यायाधीशांचा सवाल असतो. दुकानदार विष कशासाठी हवे हे कायद्याने विचारायला हवे म्हणतो आणि तिच्या नजरेपुढे न विचारताच देतो. आणि शेवटी, गेल्या चाळीस वर्षांत कुणी न पाहिलेली एक खोली वर आहे हे आम्हाला आधीच माहीत होते, असे निवेदक सहज सांगून जातो. तिचा दफनविधी रीतसर होईपर्यंत लोक ती फोडत नाहीत. गावाला माहीत होते. वर्गात आम्ही या वाक्यापाशी पोचलो की पुन्हा पहिल्या पानावर जातो, कारण आता प्रत्येक 'आम्ही' वेगळा वाचावा लागतो.

वस्तू या आवाजाच्या आत काम करतात. नगरपालिकेचे लोक कर मागायला जातात तेव्हा एमिलीच्या कमरेत अडकवलेल्या सोन्याच्या साखळीचे टोक दिसत नाही, पण त्याला लावलेल्या घड्याळाची टिकटिक त्यांना ऐकू येते. तिच्यासाठी काळ थांबलेला आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. पण घड्याळ चालू आहे, फक्त लपवलेले आहे. घरभर धूळ आहे. आणि त्या बंद खोलीतल्या पलंगावर, एमिलीने विष घातलेल्या होमरच्या प्रेताशेजारच्या उशीवरच्या खोलगट खुणेत राखाडी केसाचा एक लांब धागा आहे. हा केस म्हणजे भयकथेतला धक्का असे समजून पुष्कळ जण तिथेच थांबतात. केसाच्या रंगाचा हिशोब मात्र फॉकनरने आधीपासून ठेवलेला आहे: होमर दिसेनासा झाल्यानंतर काही काळाने एमिली पुन्हा लोकांना दिसली तेव्हा तिचे केस पांढरे होऊ लागले होते, आणि पुढे ते लोखंडी राखाडी रंगावर येऊन थांबले. म्हणजे तो धागा खुनाच्या रात्रीचा नसून पुढल्या वर्षांतला आहे. एवढ्या एका वस्तूने तिच्या एकटेपणाची मुदत सांगितली आहे. ते एकटेपण वडिलांनी आणले, जुन्या दक्षिणेच्या घरंदाजपणाने जपले आणि शेजाऱ्यांनी चाळीस वर्षे चवीने पाहिले.

कॅथरीन अ‍ॅन पोर्टरची 'द ग्रेव्ह' ही १९३५ ची कथा मला या सगळ्यांत सर्वांत परिपूर्ण वाटते, आणि अभ्यासक्रमांत तिला मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही याची खंत आहे. टेक्सास, १९०३. कुटुंबाची जुनी दफनभूमी विकलेली आहे, शवपेट्या हलवलेल्या आहेत, आणि नऊ वर्षांची मिरांडा व बारा वर्षांचा तिचा भाऊ पॉल रिकाम्या खड्ड्यांत उतरून खेळत आहेत. तिला चांदीचे एक छोटे कबूतर सापडते, त्याला सोन्याची अंगठी. ते अदलाबदल करतात. कबूतर शवपेटीच्या स्क्रूचे डोके आहे, हे पॉलला कळते. अंगठी बोटात येताच मिरांडाला आपले मुलग्यासारखे कपडे नकोसे होतात. घरी जाऊन थंड पाण्याने अंघोळ करावी, पावडर लावावी, तलम झगा घालावा असे वाटते. इथपर्यंत अंगठी म्हणजे स्त्रीपण, कबूतर म्हणजे आत्मा, अशी चिठ्ठी चालेल. मग पॉल एक ससा मारतो आणि सोलतो. पोटात पिल्ले निघतात, पातळ लालसर पडद्यात गुंडाळलेली. मिरांडा ती निरखून पाहते आणि तिला अंगाला कंप सुटतो. काहीतरी जे ती नकळत जाणत होती ते आता कळले आहे. पॉल पिल्ले पुन्हा आईच्या पोटात ठेवतो, वरून कातडे गुंडाळतो, झुडपात लपवतो आणि कुणाला सांगू नकोस असे बजावतो. ती कधीच सांगत नाही.

रिकामी कबर आणि भरलेले पोट ही दोन्ही इथे एकाच दुपारी उघडली जातात. हे लेखिका म्हणत नाही; तिने फक्त दोन्ही गोष्टी एका मुलीच्या डोळ्यांपुढे आणल्या आहेत. जवळजवळ वीस वर्षांनी परक्या देशातल्या एका बाजारात फेरीवाला मिरांडासमोर साखरेच्या रंगीत मिठाईचे ताट धरतो: पक्षी, कोंबडीची पिल्ले, सशाची पिल्ले, कोकरे. बाजारात कच्च्या मांसाचा आणि कोमेजणाऱ्या फुलांचा वास आहे. ती दुपार अचानक परत येते. पण त्या भीषण दृश्याच्या जागी लगेच दुसरे दिसते: बारा वर्षांचा पॉल लख्ख उन्हात उभा राहून चांदीचे कबूतर हातात उलटसुलट फिरवतो आहे. कबूतर तेच आहे. पहिल्या वेळी ते खेळातली लूट होते, आता त्यात भाऊ, बालपण, मरण आणि गुपित अशी चारही साठलेली आहेत. प्रतीक कथेच्या ओघात तयार होते म्हणजे काय, हे मला याहून चांगले दाखवता येणार नाही.

हर्स्टनच्या 'स्वेट'बद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. १९२६ साली 'फायर!!' या, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या तरुण लेखक-कलावंतांच्या नियतकालिकात ती आली. त्या नियतकालिकाचा तो एकच अंक निघाला. फ्लोरिडातली डेलिया पंधरा वर्षे गोऱ्यांचे कपडे धुऊन घर चालवते. नवरा साइक्स तिला मारतो, बाहेर बाई ठेवतो, आणि तिला सापाची भीती आहे हे माहीत असून आधी चाबूक तिच्या खांद्यावर टाकून घाबरवतो, नंतर जिवंत रॅटलस्नेक पेटीत घालून दाराशी आणून ठेवतो. बायबलमधला सैतान, म्हणून साप म्हणजे पाप, असे गाइड सांगते. हर्स्टनने तो संकेत वापरला आहेच. डेलिया चर्चला जाणारी बाई आहे. पण साप येतो कुठून ते पाहा: धुवायच्या कपड्यांच्या टोपलीतून. जिच्या घामावर घर उभे आहे, तिच्या कामाच्या टोपलीतच मरण ठेवले आहे. दुकानाच्या ओसरीवर बसलेली गावची माणसे म्हणतात की काही पुरुष बायकोला उसाच्या कांड्यासारखे चघळतात आणि रस संपला की चोथा म्हणून फेकतात. ती सगळी साइक्सला नावे ठेवतात आणि उठून काहीच करत नाहीत. जेफर्सनचे 'आम्ही' आणि ही ओसरी या एकाच काळातल्या दोन कथा शेजारी वाचून पाहा.

शेवटी तोच साप साइक्सला चावतो. डेलिया खिडकीबाहेर आहे, त्याची हाक तिला ऐकू येते, आणि ती झाडाखाली जाऊन थांबते. आत मरणाऱ्या त्या एका उघड्या डोळ्याला दिवा दिसत असेल, धुण्याची टबे दिसत असतील, आणि डेलियाला सगळे ठाऊक होते हेही आता त्याला कळले असेल, हे तिला ठाऊक आहे. साप म्हणजे दुष्टपणा, या उत्तरात डेलियाचे हे थांबणे येत नाही, आणि नैतिकदृष्ट्या कथेतली सर्वांत कठीण जागा तीच आहे.

जीन टूमरच्या १९२३ च्या 'केन'मधला लाल चंद्र आणि लाकडाच्या भुशाचा धूर यांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. जॉर्जियातल्या लिंचिंगची दहशत त्याने जवळजवळ पूर्णपणे निसर्गवर्णनात कोंडली आहे. फिट्झजेराल्डच्या १९३१ च्या 'बॅबिलॉन रिव्हिजिटेड'मधला बर्फही पाहावा. चार्ली वेल्सने एका रात्री भांडणात बायकोला बर्फात दाराबाहेर ठेवले होते. आता १९२९ च्या बर्फाची आठवण काढताना त्याला वाटते की तो खरा बर्फ नव्हताच, तो नको असेल तर थोडे पैसे फेकले की झाले. शेअरबाजाराच्या तेजीच्या वर्षांवर याहून नेमके वाक्य मी वाचलेले नाही.

परीक्षेतल्या उत्तराविषयी शेवटी. 'अमुक वस्तू तमुकाचे प्रतीक आहे' या वाक्याने परिच्छेद सुरू करू नका. वस्तू कथेत किती वेळा येते आणि दर वेळी कुणाच्या संबंधात येते, ते आधी लिहा, आणि अर्थ त्यातून निघू द्या. दोन अर्थ एकमेकांना छेदत असतील तर दोन्ही लिहा आणि संहिता कुणाकडे झुकते ते सांगा. सरावासाठी फॉकनरची १९३९ ची 'बार्न बर्निंग' घ्या आणि तिच्यातला फक्त गालिचा धरून चाला. अ‍ॅबनर स्नोप्स मुद्दाम घोड्याची लीद तुडवून जमीनमालकाच्या घरातल्या गालिच्यावर पाय ठेवतो, मग तो धुण्याच्या नावाखाली खरवडून खराब करतो, मग वीस बुशेल मक्याचा दंड होतो, न्यायाधीश तो दहावर आणतो, आणि दर टप्प्यावर त्याचा मुलगा सार्टी बापाच्या बाजूने किंवा विरुद्ध एक पाऊल सरकतो. गालिच्याचा एकेक टप्पा आणि त्यापुढे सार्टीची तेव्हाची प्रतिक्रिया, असे दोन रकाने करून लिहून काढा. बाप मालकाचे कोठार पेटवायला निघतो त्या रात्री सार्टी पळत का सुटतो, हे त्या रकान्यांत दिसू लागेल. मग उत्तर लिहायला बसा.